छोट्या बेने इस्रायल जमातीत मदतीचं काम कसं बसवावं

महाराष्ट्रातल्या बहुतेक सिनेगॉगांत, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरांत, मदत होतच असते. कुणाचं औषधपाणी, कुणाचं थकलेलं भाडं, कुणाच्या घरी पेसाह (वल्हांडण) सणाचं सामान. अडचण एवढीच की हे सगळं दोघा-तिघांच्या डोक्यात असतं. ती माणसं आजारी पडली किंवा मुलांकडे इस्रायलला गेली की काम थांबतं, आणि ते थांबलंय हे बाकीच्यांना कळायलाही वेळ लागतो. एकेकाळी वीस हजारांच्या आसपास असलेले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आज भारतात चार-पाच हजारांवर आले आहेत. मागे राहिलेल्यांत म्हातारी माणसं बरीच. म्हणजे गरज वाढली आणि हात कमी झाले.

खालची पद्धत तीस ते साठ घरांच्या जमातीसाठी आहे. पाच माणसं, एक वही, एक स्वतंत्र बँक खातं आणि वर्षाचं ठरलेलं वेळापत्रक एवढ्यावर ती चालते.

सुरुवातीला शिळा सण हा दिवस उत्तम. दरफाळणीच्या सणाच्या, म्हणजे किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या, दुसऱ्या दिवशी गरिबांना दान द्यायचं आणि एकमेकांकडे जायचं ही बेने इस्रायलांची जुनी रीत आहे. बाहेरगावची माणसं आलेली असतात आणि आदल्या दिवशी सगळ्यांनी उपास केलेला असतो. त्या दिवशी गेल्या वर्षाचा हिशेब वाचावा आणि नव्या वर्षाची माणसं नेमावीत. कामाचं वर्ष शिळ्या सणापासून शिळ्या सणापर्यंत धरावं. ट्रस्टचं आर्थिक वर्ष एप्रिल-मार्चच राहतं, त्याची गल्लत करू नये.

दोघांनी गोळा करावं, तिघांनी वाटावं

हा नियम तल्मूद या ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथातला आहे आणि आजही याहून सोपी रचना सापडत नाही. पैसे मागणं म्हणजे समोरच्यावर थोडा दबाव आणणं, म्हणून तिथे एकटा माणूस नको. वाटप म्हणजे कुणाला किती याचा निवाडा, म्हणून तिथे न्यायासनासारखे तिघे हवेत. गोळा करणारे दोघे एकमेकांना सोडून वेगवेगळे फिरू नयेत, हेही तिथेच सांगितलं आहे. कारण उघड आहे: पैसे कुणी, कुठे, किती दिले याला कायम दुसरा साक्षीदार हवा.

गोळा करणाऱ्यांत एक गबाई (सिनेगॉगचा खजिनदार) असावा आणि दुसरा विश्वस्त मंडळाबाहेरचा. वाटणाऱ्या तिघांत किमान एक बाई हवी, एक जण चाळिशीच्या आतला हवा, आणि तिघे एकमेकांचे जवळचे नातलग नसावेत. मुकादम (जमातीचा प्रमुख) किंवा चौगुल्याने (त्याच्या मदतनिसाने) या तिघांत बसू नये. त्यांचा मान मोठा असतो. ते बसले की बाकीचे दोघे गप्प राहतात, आणि मदत नाकारलेल्या माणसाला दाद मागायला जागा उरत नाही. मुकादमाने ही दाद ऐकणारा म्हणून बाहेर राहावं.

छोट्या जमातीत प्रत्येक जण कुणाचा तरी मामा किंवा साडू असतोच. म्हणून एक चौथा बदली माणूस नेमून ठेवा. अर्ज नात्यातला निघाला की त्या सदस्याने उठून जायचं आणि बदली माणसाने बसायचं. हे वहीत लिहायचं. तोंडी 'मी यात बोलत नाही' म्हणून खुर्चीवर बसून राहणं पुरत नाही.

पैसा: कुठून, कसा, कुठे नोंदवायचा

परंपरेने उत्पन्नाचा दहावा भाग त्सेदाकासाठी, म्हणजे दानासाठी, काढावा आणि स्वतःवर कंगाल व्हायची वेळ येऊ नये म्हणून पाचव्या भागाच्या वर जाऊ नये, असं आहे. हे लोकांना सांगावं, पण कुणाकडून दशांशाचा हिशेब मागू नये. पेन्शनवर जगणाऱ्या घराकडून महिन्याला पन्नास रुपये आले तरी ते वहीत बाकीच्यांसारखेच चढले पाहिजेत. मदत घेणारासुद्धा त्सेदाका देतो. त्याचे दहा रुपये नाकारणं हा अपमान आहे.

एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा ठरलेली छोटी रक्कम कितीतरी उपयोगाची. उदाहरणार्थ, ४० घरांनी महिना ३०० रुपये दिले तर १२,००० जमतात. त्यातले ६,००० चार घरांच्या नियमित किराण्याला (प्रत्येकी १,५००), ३,००० औषधांना आणि ३,००० जमातीबाहेरच्या कामाला असे भाग पडतात. आणि एक पथ्य: नियमित खर्चाच्या तीन महिन्यांइतकी शिल्लक, इथे १८,०००, हातात असल्याशिवाय पाचवं घर घेऊ नये. चार महिने मदत देऊन पाचव्या महिन्यात 'यंदा जमलं नाही' म्हणणं हे सुरुवातीलाच नाही म्हणण्यापेक्षा वाईट, कारण त्या घराने तोवर आपला खर्च त्यावर बसवलेला असतो.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसात, पैशाला हात लावायचा नाही आणि लिहायचंही नाही. पण लोक सगळ्यात जास्त जमतात ते शब्बाथ आणि सणांनाच. यावर तोडगा म्हणजे आकडे छापलेली कार्डं. प्रत्येकाच्या जागेवर आधीच नाव घातलेलं कार्ड ठेवायचं, त्याच्या कडेला १००, २००, ५०० अशा पट्ट्या; देणारा आपली पट्टी दुमडून ठेवतो. शब्बाथ संपल्यावर दोघे मिळून कार्डं गोळा करतात आणि रविवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला निरोप जातो. निरोप आठवडाभर लांबला की निम्मे आकडे हवेत विरतात.

हिशेबाच्या बाबतीत चार गोष्टी सुरुवातीलाच सीएसोबत बसून मिटवा.

सिनेगॉगचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. मदतनिधी त्याच ट्रस्टखाली चालवायचा असेल तर ट्रस्टच्या उद्देशांत गरिबांना मदत, वैद्यकीय मदत, शिक्षण हे शब्द आहेत का ते पाहा. कित्येक जुन्या घटनांत फक्त उपासना आणि इमारतीची देखभाल एवढंच असतं.

दुसरं, ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत. विशिष्ट धर्मसमाजाच्याच लाभासाठी असल्याचं ज्या ट्रस्टच्या घटनेत लिहिलं आहे, त्याला ती सहसा मिळत नाही. ती नसताना पावतीवर तसं छापणं हा गुन्हा ठरू शकतो. जिथे ती आहे तिथेही २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला सवलत लागू नाही, म्हणून त्यापुढे चेक किंवा यूपीआय. नवी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला या वजावटीचा उपयोगच होत नाही. म्हणून तिच्यावर सगळं आवाहन उभं करू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. इस्रायलमधल्या अश्दोद, लोद, दिमोना, बीरशेवा इथे गेलेली मुलं-नातवंडं मनापासून पैसे पाठवू पाहतात. ज्याचं नागरिकत्व अजून भारतीय आहे त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. पण ज्याने इस्रायली नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी, त्याचा पैसा कायद्याने विदेशी देणगी आहे. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय तो ट्रस्टने घेऊ नये, ट्रस्टच्या कुठल्याच खात्यात नाही आणि गबाईच्या खात्यातून फिरवून तर नाहीच. नोंदणी असेल तरी असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. नोंदणी नसलेल्या जमातीने बाहेरच्या मुलांना सरळ सांगावं: आपल्या आत्याला, मावशीला थेट पाठवा, निधीसाठी नको.

चौथं, रोख रक्कम. सिनेगॉगमधला डबा दर शुक्रवारी दुपारी दोघांनी मिळून उघडायचा, मोजायचा, दोघांनी सही करायची आणि सोमवारी बँकेत भरायचा.

मागणाऱ्याशी कसं वागायचं

तल्मूदात एक भेद केला आहे आणि हलाखाही (ज्यू धर्मनियमही) त्याच बाजूने आहे: कुणी अन्न मागितलं तर चौकशी करू नये, कपडा मागितला तर करावी. भुकेला माणूस चौकशी संपेपर्यंत थांबू शकत नाही. कामात हे असं उतरवा. किराण्याची मागणी आली तर चोवीस तासांत एका आठवड्याचं सामान पोचतं, प्रश्न नाही, अर्ज नाही. भाडं, फी, ऑपरेशन, घरदुरुस्ती यांसाठी मात्र कागद लागतात: भाडेकरार किंवा पावती, हॉस्पिटलचा अंदाजपत्रक कागद, फीचं चलन. पैसे शक्यतो थेट घरमालक, हॉस्पिटल किंवा शाळेच्या खात्यात.

घरी भेट द्यायला दोघांनी जावं, त्यात एक बाई. कपाट, फ्रीज उघडायला लावू नये, फोटो काढू नये, शेजाऱ्यांना विचारू नये. चार प्रश्न पुरतात: घरात किती माणसं, दरमहा काय येतं, काय जातं, आणि तुम्हाला स्वतःला कशाची गरज सगळ्यात जास्त वाटते. हा चौथा प्रश्न पुष्कळदा राहतो. तांदूळ न्यायला गेलेल्यांना कळतं की तांदूळ आहे, पण चष्मा फुटलाय आणि वाचता येत नाही म्हणून औषधाच्या गोळ्या चुकताहेत.

गुप्ततेबद्दल फार सांभाळून. वहीत नाव नाही, क्रमांक. क्रमांक आणि नावाची जोडयादी एका कुलपाच्या कपाटात, किल्ल्या दोघांकडे. व्हॉट्सॲपच्या गटात मागणी कधीच टाकायची नाही, नाव काढूनसुद्धा नाही. चाळीस घरांच्या जमातीत 'एक विधवा, दोन मुलं, भायखळा' एवढ्यावर सगळ्यांना कळतं. एकदा असं उघड झालं की पुढची दोन-चार घरं गरज असून मागायला येत नाहीत, आणि न आलेल्या घरांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

बाराव्या शतकात रम्बाम (मायमोनिडीस) या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. घेणाराला देणारा ठाऊक नाही आणि देणाराला घेणारा ठाऊक नाही, ही त्यातली वरून दुसरी. यासाठी सोपी सोय म्हणजे किराणा दुकानात खातं. जमातीने दुकानदाराकडे महिन्याची रक्कम ठरवायची, घराला क्रमांकाची चिठ्ठी द्यायची, घराने हवं ते सामान घ्यायचं आणि बिल क्रमांकावर यायचं. यात माणूस स्वतः निवडतो, पिशवीवर कुणाचं नाव नसतं. दुकान मात्र सिनेगॉगच्या समोरचं नको आणि त्या घराच्या गल्लीतलंही नको. दारू-तंबाखू वगळता कशावर बंदी घालू नका. म्हातारीने बिस्किटं जास्त घेतली हा समितीचा विषय नाही.

ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्यासाठी सामान घरी पोचवावं लागतं. दोन म्हाताऱ्या माणसांना महिन्याला साधारण एवढं पुरतं: तांदूळ ६ किलो, गव्हाचं किंवा भाकरीचं पीठ ५ किलो, तूरडाळ २ किलो, मसूर किंवा मूग १ किलो, तेल २ लिटर, साखर दीड किलो, चहा पाव किलो, पोहे १ किलो, मीठ १ किलो, नारळ ४, कोकम, हळद, तिखट, आणि किद्दुशच्या (शब्बाथ-सणाच्या आशीर्वादाच्या) सरबतासाठी पाव किलो काळे मनुके. मधुमेह आहे का ते विचारून साखर आणि तांदूळ कमी करा. हे सगळं शाकाहारी असल्याने कश्रूतचा (ज्यू आहारनियमांचा) प्रश्न येत नाही, आणि कोंबडी कुणी कापली ही चौकशीही टळते. पाच किलोच्या वरची पिशवी नको, लहान भाग करा. कित्येकदा ती दारातून आत ओढायलाही घरात कुणी नसतं.

वाटप शुक्रवारी, पण दुपारी तीनच्या आत संपलं पाहिजे. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्याआधी शब्बाथचे दिवे लागतात, आणि स्वयंसेवकालाही घरी पोचायचं असतं. ठाण्याहून डोंबिवलीला पाच वाजता निघालेला माणूस शब्बाथ मोडूनच परत येतो.

सणांचं वेळापत्रक

बेने इस्रायल ज्याला होळीचा सण म्हणतात तो ज्यूंचा पुरीम. त्या दिवशी प्रत्येकाने किमान दोन गरिबांना द्यायचं असतं आणि ते त्याच दिवशी त्यांच्या हातात पडायला हवं. म्हणून पैसे आधी गोळा करून ठेवा आणि पुरीमच्या दिवसाच्या उजेडात वाटा. सोबत पुरणपोळी द्यायची असेल तर ती आदल्या रात्री करावी.

पुरीमपासून पेसाह बरोबर तीस दिवसांवर. गरिबांच्या पेसाहची तजवीज या तीस दिवसांत करायची हा जुना नियम आहे. पुरीमच्या दिवशीच मात्झाची (पेसाहच्या बिनखमिराच्या भाकरीची) यादी बंद करा, कारण मात्झा बाहेरून मागवावी लागली तर ती उशिरा येते आणि शेवटच्या आठवड्यात कुठल्याच भावाला मिळत नाही. माणशी एक ते दीड किलो धरा. त्या महिन्याच्या पिशवीतून गव्हाचं पीठ, रवा, शेवया, बिस्किटं काढायची, पेसाहात ती चालत नाहीत. तांदूळ बेने इस्रायल घरांत चालतो, त्याची भाकरी होते. खजुराच्या शिऱ्यासाठी (आटवलेल्या पाकासाठी) घरटी एक किलो खजूर घाला. शिरा आटवायला दोन-तीन तास चुलीजवळ उभं राहावं लागतं. ज्यांना ते होत नाही त्यांना तयार बाटली द्या.

तिश्री या हिब्रू महिन्यात (सप्टेंबर-ऑक्टोबर), नव्या सणापासून (ज्यू नववर्षापासून) सुक्कोथ हा मांडवांचा सण संपेपर्यंत, तीन आठवडे बाहेरचं कुठलंही काम ठेवू नका. माणसंच मिळत नाहीत. भागीदार संस्थेला हे जूनमध्येच तारखांसकट कळवा.

हक्काचं आहे ते मिळवून देणं

निधीतून १,५०० रुपयांचा किराणा देणं सोपं. त्याच माणसाला सरकारकडून दरमहा मिळू शकणारे १,५०० रुपये मिळवून देणं कष्टाचं, पण ते त्याच्या हक्काचे आहेत आणि कुणाच्या मर्जीवर नाहीत. स्वयंसेवकांचा निम्मा वेळ या कामाला द्यावा असं आमचं ठाम मत आहे.

एका स्वयंसेवकाने एवढ्या गोष्टी पाठ करून घ्याव्यात. निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ वर्षांवरच्या गरजूंसाठी श्रावणबाळ योजना, दोन्ही तहसील कार्यालयातून. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं पाच लाखांपर्यंतचं वय वंदना कार्ड. राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना. पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात, आणि ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून; आता तो मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, फक्त नोंदवलेला मोबाइल नंबर चालू हवा. मुलाने इस्रायलला जाताना सोबत नेलेला सिम हा इथे सगळ्यात नेहमीचा अडथळा. तो नंबर आधी बदलून घ्या, मगच बाकीचं.

धर्मादाय हॉस्पिटलांचं तर फार कमी लोकांना माहीत असतं. महाराष्ट्रात ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत ठेवायची असते. दाखल होतानाच समाजसेवा विभागात अर्ज द्यावा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळं-केशरी रेशनकार्ड लागतं. घरात वर्षभर चालेल असा दाखला आधीच काढून ठेवा. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात घेऊन गेलात तर बहुधा उशीर झालेला असतो. खाटा नाहीत असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तालयात तक्रार करा.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक ठरलेली चूक होते. ज्यू समाजाला महाराष्ट्राने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, पण केंद्राच्या अधिसूचित यादीत ज्यू नाहीत. त्यामुळे राज्याच्या अल्पसंख्याक योजनांना अर्ज करायचा. केंद्राच्या पोर्टलवर समाजाचा रकानाच सापडत नाही आणि कुणीतरी 'इतर' भरून अर्ज बाद करून घेतो.

एकटी राहणारी म्हातारी माणसं

एका स्वयंसेवकाकडे जास्तीत जास्त तीन घरं. आठवड्याला दोन फोन, पंधरवड्याला एक भेट, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी. कधीतरी दोन तास बसण्यापेक्षा ठरलेल्या मंगळवारी वीस मिनिटं बसणं त्यांना हवं असतं. प्रत्येक घरी दाराच्या आतल्या बाजूला एक कार्ड लावा: औषधं आणि त्यांच्या वेळा, डॉक्टर, रक्तगट, शेजारी, मुलाचा इस्रायलमधला नंबर. त्याखाली लिहा की इस्रायलची वेळ आपल्या मागे उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात साडेतीन. हॉस्पिटलमधून सकाळी सहाला लागलेला फोन तिकडे रात्री अडीच-साडेतीनला वाजतो.

पैसे, एटीएमचा पिन, चेकबुक यांना स्वयंसेवकाने हात लावायचा नाही. बँकेचं काम असेल तर सोबत जायचं आणि काउंटरपासून लांब उभं राहायचं. हा नियम पहिल्या भेटीतच सांगून टाकला की कुणाला वाईट वाटत नाही.

अंत्यविधीसाठी दोन याद्या तयार हव्यात, पुरुषांची आणि बायकांची, कारण पुरुषाला पुरुष आणि बाईला बाईच अंघोळ घालतात. कफनाचं पांढरं कापड शिवून ठेवलेलं असावं. कोकणातल्या जुन्या कब्रस्तानांची साफसफाई पावसाआधी आणि दिवाळीनंतर अशी दोनदा करा. झुडपं कापा, उपटू नका, मुळांबरोबर दगड हलतो.

जमातीबाहेर

परक्या गरिबालाही आपल्या गरिबाबरोबर पोसावं, असं तल्मूद सांगतो, आणि त्याचं कारण शांततेचे मार्ग असं देतो. मुंबईत हे नवं नाही. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये बेने इस्रायल मुलांसाठी काढलेली शाळा आज माझगावला सर एली कदूरी हायस्कूल म्हणून उभी आहे आणि तिथे मुख्यतः इतर समाजांची मुलं शिकतात. १९१३ च्या बेने इस्रायल स्त्री मंडळाच्या उभारणीत असलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा हॉस्पिटलमध्ये सगळ्या जातिधर्मांच्या बायकांची बाळंतपणं सांभाळली.

काम एकच निवडा आणि ते चालत जाण्याच्या अंतरावरचं असू द्या. आधी शाळेला किंवा संस्थेला विचारा की काय हवंय, आणि एक पान लिहून घ्या: कोणता दिवस, किती वेळ, किती माणसं, खर्च कुणाचा, कधीपर्यंत. पहिला महिना चाचणीचा. शनिवार जमणार नाही हे पहिल्याच वाक्यात सांगा. बऱ्याच संस्थांचं स्वयंसेवकांचं सगळं काम शनिवारी असतं. उत्साहाच्या भरात साठ जणांनी एकदा जाऊन भिंत रंगवून येऊ नये. तिथे आठ माणसांचं काम असतं, बाकीच्यांना सांभाळण्यात त्या संस्थेचा दिवस जातो. त्याऐवजी चार जणांनी दर रविवारी दोन तास वाचनाचा वर्ग घ्यावा.

मुलांसोबत काम करताना प्रत्येक खोलीत दोन मोठी माणसं, दार उघडं, पालकांच्या लेखी संमतीशिवाय फोटो नाही. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी समितीत चर्चा करायची सवलत नाही.

वाटप सिनेगॉगच्या दारात ठेवू नका. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यापासून ज्यू ठिकाणांवर पोलीस बंदोबस्त असतो, येणाऱ्याचं ओळखपत्र तपासलं जातं. जेवणासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाची झडती घेणं त्याला अपमानाचं आणि पोलिसांना अवघड. वाटप शाळेत किंवा भागीदाराच्या जागेत करा.

शंभर माणसांच्या मुगाच्या खिचडीला तांदूळ ७ किलो, मूगडाळ साडेतीन किलो, तेल १ लिटर, कांदे ३ किलो, मीठ साधारण ३५० ग्रॅम आणि पाणी ३० ते ३२ लिटर. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा. एकाच मोठ्या पातेल्यात केली तर तळाला लागते आणि वर कच्ची राहते. दोन जाड बुडाची पातेली घ्या. फोडणी तेलाचीच. तूप घातलं की भांडं दुधाचं होतं, आणि दुधाची नि मांसाची भांडी एकत्र चालत नाहीत. बाहेरच्या कामाची भांडी वेगळी ठेवून त्यांवर रंगाने खूण करा, ती सिनेगॉगच्या स्वयंपाकघरात परत मिसळायची नाहीत. शिजल्यावर दोन तासांत वाटून संपवा; तोवर ती वाफाळती हवी, कोमट खिचडी मुंबईच्या हवेत लवकर आंबते. नियमित अन्नवाटप करायचं तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी घ्या. कायद्याच्या व्याख्येत नफा न घेणारेही येतात.

रम्बामची सगळ्यात वरची पायरी

माणूस पुन्हा मागायला येऊ नये असं काही करणं: काम देणं, भागीदारी देणं, कर्ज देणं. छोट्या जमातीला जमण्यासारखं म्हणजे बिनव्याजी कर्ज. आपसात व्याज घ्यायला तोराह या ज्यू धर्मग्रंथाची मनाई आहे, त्यामुळे 'प्रोसेसिंग फी'सारखं काहीही नको, उशिराचा दंडही नको. दंड हे व्याजाचंच रूप धरलं जातं. ट्रस्टच्या घटनेत कर्ज द्यायची तरतूद आहे का ते सीएकडून तपासून घ्या.

कमाल मर्यादा २५,००० रुपये, दहा हप्ते, पहिला हप्ता दोन महिन्यांनी. दोन जामीन, त्यातला एक घराबाहेरचा. शिलाई मशीन, डबे पोचवायची सायकल, कोर्सची फी, दुकानाचं डिपॉझिट अशा गोष्टींना द्या. लग्नाच्या खर्चाला आणि जुनं कर्ज फेडायला देऊ नका, कारण त्यातून हप्ता फेडायला नवं उत्पन्न तयार होत नाही. वस्तूचे पैसे थेट विक्रेत्याला. निधीतली दहा टक्के रक्कम बुडीत धरून बाजूला ठेवा, म्हणजे एक कर्ज थकलं की पुढचा अर्ज अडत नाही.

हप्ता चुकला तर पंधरा दिवसांनी एक फोन, महिन्याने भेट आणि हप्ता निम्मा करण्याची तयारी. तीन महिन्यांनी तिघांनी बसून ठरवायचं: मुदतवाढ की मदतनिधीतून फेड. कर्जदाराकडे खरंच पैसे नाहीत हे माहीत असताना धनकोने त्याच्या समोरून मुद्दाम जाऊसुद्धा नये, असं तल्मूदात आहे. म्हणून वसुलीचा फोन करणारा माणूस कर्जदाराशेजारी प्रार्थनेला बसणारा नसावा. तसा असेल तर ते काम त्याच दिवशी दुसऱ्याकडे सोपवा, आणि शब्बाथ-सणाला हा विषय कुणीही काढू नये.